नदीचे मूळ आणि मळाचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी म्हण मराठीत रूढ आहे. जे आज पावन झाले त्याचा आरंभ किती सामान्य होता ह्याची चौकशी करण्यात हशील नाही, असा तिचा आशय. परंतु नदीत जो मळ येऊन मिसळतो त्याचे कूळ मात्र शोधलेच पाहिजे. ते न शोधता नदी स्वच्छ करावयास निघणे म्हणजे निदान न करता औषध देणे होय. सूक्ष्मप्लास्टिक ह्या नव्या मळाच्या बाबतीत आज बहुधा असेच घडत आहे.

पाच मिलिमीटरांहून लहान अशा प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ज्वारीच्या दाण्याएवढा कण ही जवळजवळ त्याची वरची मर्यादा झाली. खालची मर्यादा पाहणाऱ्याजवळ असलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या शक्तीवर अवलंबून राहते. हे नाव सर्वतोमुखी झाले ते २००४ साली. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या वर्षी एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. समुद्रावर तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे नमुने १९६० नंतरच्या दशकापासून ब्रिटनमध्ये जपून ठेवलेले होते. ते त्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्या जीवांच्या गर्दीत प्लास्टिकचे तंतू आढळले आणि कालक्रमाने त्यांची संख्या वाढत गेलेली दिसली. प्रारंभी ही चर्चा समुद्रापुरती होती. परंतु समुद्रात जे येते त्यातील पुष्कळसे नदीतून येते. म्हणून दहा वर्षांच्या आतच संशोधकांनी आपला मोर्चा नद्यांकडे वळविला.

नदीतील सूक्ष्मप्लास्टिक कोठून येते, असा प्रश्न कोणाही सुशिक्षित माणसास विचारला तर तो घाटाकडे बोट दाखवील. घाटाच्या पायऱ्यांशी अडकलेल्या पिशव्या, निर्माल्याबरोबर सोडलेली वेष्टने, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या ह्यांचेच उन्हाने व लाटांच्या आपटण्याने तुकडे होतात, त्या तुकड्यांचे कण होतात, असे तो सांगेल. हे उत्तर खोटे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होते आणि त्याचा चुरा होतो, हे निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. डोळ्यांना जे दिसते त्यालाच अपराधी ठरवावयाचे, ही मनुष्याची जुनी खोड आहे. आणि ह्या प्रकरणात जे दिसत नाही त्याचाच वाटा मोठा असेल, तर सगळा न्याय उलटा होईल.

सुदैवाने हा प्रश्न केवळ तर्काने सोडवावयाचा नाही. कणाची घडण हीच त्याची जन्मपत्रिका असते. पिशवीचा तुकडा पातळ पापुद्र्यासारखा दिसतो. बाटलीचा किंवा बादलीचा तुकडा जाड, कोनाकोनांचा असतो. कारखान्यात प्लास्टिकच्या वस्तू ज्या कच्च्या मालापासून करतात त्याचे दाणे वाटोळे, एकसारखे असतात. आणि वस्त्रातून निघालेला तंतू केसासारखा लांब व बारीक असतो. त्यावर अवरक्त किरण टाकून परत येणाऱ्या किरणांचा वर्णपट पाहिला की तो कण पॉलिएथिलीनचा आहे की नायलॉनचा, हेही कळते. चोराने मागे टाकलेल्या पादत्राणावरून त्याच्या चांभारापर्यंत पोचावे तसाच हा प्रकार आहे.

ही परीक्षा गंगेची झालेली आहे. २०१९ साली भारत, बांगलादेश आणि ब्रिटन येथील संशोधकांच्या एका पथकाने गंगेचा जवळजवळ सर्व प्रवाह पालथा घातला. हिमालयातील हर्सिलपासून ऋषिकेश, अनूपशहर, कनौज, वाराणसी, पाटणा, साहिबगंज आणि पुढे बांगलादेशातील राजबाडी, चांदपूर व मुखाजवळील भोला अशी दहा ठिकाणे त्यांनी निवडली. प्रत्येक ठिकाणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा एकदा पृष्ठभागाजवळचे पाणी पंपाने उपसून गाळले. एका नमुन्यास ३० लिटर ह्याप्रमाणे एकंदर १२० नमुने झाले. इमोजेन नॅपर ह्या प्लिमथच्या संशोधिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी ह्या तपासणीचा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध केला.

त्या सर्व पाण्यातून मिळाले किती कण? अवघे १४०. ह्या आकड्याने वाचकास धक्का बसेल. पण तो भलत्याच दिशेने बसू नये. १२० नमुने प्रत्येकी ३० लिटरांचे, म्हणजे ३,६०० लिटर पाणी. त्यांत १४० कण, म्हणजे सुमारे २६ लिटरांमागे एक. कळशीभर पाण्यात तो सापडेलच असे नाही. परंतु गंगा ही कळशी नव्हे. ब्रह्मपुत्रा आणि मेघना ह्यांचे पाणी मिळाल्यानंतर जो प्रचंड ओघ बंगालच्या उपसागरास जाऊन मिळतो, त्याच्याशी हा विरळ आकडा गुणला म्हणजे दिवसाला शंभर कोटी ते तीनशे कोटी कण असा हिशेब येतो. १४० कणांवरून अब्जांपर्यंत जाण्यात अनिश्चितता आहेच. ह्या दोन टोकांमधील तिपटीचे अंतर पाहिले की ते संशोधकांनाही ठाऊक होते हे दिसते. वर्तमानपत्रांनी मात्र मोठा आकडा तेवढा मथळ्यात घेतला आणि खरी मोलाची गोष्ट खाली राहिली.

ती गोष्ट अशी. सापडलेल्या कणांपैकी ९१ टक्के तंतू होते. पिशवीचे पापुद्रे नव्हेत, बाटलीचे तुकडे नव्हेत, तर वस्त्राचे धागे. त्यांच्या द्रव्याची परीक्षा केली तेव्हा ५४ टक्के रेयॉन आणि २४ टक्के ॲक्रिलिक निघाले. रेयॉनला जुन्या पिढीत कृत्रिम रेशीम म्हणत. साड्या, ओढण्या, अस्तरे ह्यांसाठी ते सर्रास वापरतात. ॲक्रिलिक म्हणजे कृत्रिम लोकर. उत्तर भारतातील थंडीत स्वस्त स्वेटर, शाली आणि मफलर ह्यांच्या रूपाने ती घरोघर पोचली आहे. गंगेच्या पाण्यात उतरलेला हा कचरा कोण्या बेपर्वा यात्रेकरूने फेकलेला नाही. तो अंगावरच्या कपड्यांतून सुटलेला आहे.

येथे एक शंका घेणे रास्त होईल. रेयॉन हे प्लास्टिक आहे काय? ते लाकडाच्या लगद्यापासून करतात. १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल ह्यांनी त्याची कृती आपल्या नावे नोंदविली. लगद्यावर दाहक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड ह्यांची क्रिया करून त्याचा मधासारखा दाट द्रव करावयाचा आणि तो बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की त्याचा पुन्हा धागा होतो, ही ती कृती. मूळ द्रव्य सेल्युलोजच, म्हणजे कापसाचे जे तेच. काटेकोर रसायनशास्त्रज्ञ रेयॉनला प्लास्टिकच्या पंक्तीत बसवावयास तयार होणार नाही. शिवाय कापूस आणि रेयॉन ह्यांचे अवरक्त वर्णपट इतके सारखे असतात की एकाला दुसरा समजण्याचा संभव राहतो. २०२० साली एका मोठ्या संशोधनात निरनिराळ्या महासागरांतून गोळा केलेले सुमारे २,००० तंतू तपासले, तेव्हा त्यांतील केवळ ८.२ टक्केच संपूर्ण कृत्रिम निघाले. बाकीचे सेल्युलोजचे किंवा लोकरीसारखे प्राणिज होते.

मग हा सगळा बोभाटा उगाच म्हणावयाचा काय? तसे नव्हे. ज्याला प्लास्टिक म्हणावयाचे त्याची व्याख्या अधिक काटेकोर करावी लागेल, एवढे त्यातून निष्पन्न होते. मूळ सेल्युलोज असले तरी वस्त्राला रंग, चकाकी, सुरकुती न पडण्याचे गुण द्यावयाचे म्हणून जी रसायने चढविलेली असतात ती तंतूबरोबर पाण्यात जातात. आणि ह्या लेखाच्या दृष्टीने तर ही शंका मूळ मुद्द्यास बळकटीच देते. धागा रेयॉनचा असो, ॲक्रिलिकचा असो वा सुताचा असो, तो आला वस्त्रातूनच. जो मार्ग सुती तंतूने पत्करला तोच पॉलिएस्टरनेही पत्करला असणार.

हा मार्ग धुण्याच्या पाण्यातून जातो. कापड धुताना त्याचे धागे एकमेकांवर घासतात आणि टोके तुटून पाण्यात उतरतात. लोकरी बनियनवर जे बोंडासारखे गोळे येतात ते ह्याच झिजेचे दृश्य रूप होय. २०१६ साली नॅपर आणि थॉम्पसन ह्यांनी हे तंतू मोजले. सहा किलो कपडे यंत्रात एकदा धुतले असता ॲक्रिलिकमधून सुमारे ७ लाख, पॉलिएस्टरमधून सुमारे ५ लाख आणि पॉलिएस्टर व सूत ह्यांच्या मिश्र कापडातून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू निघतात, असा त्यांचा अंदाज आहे. मिश्र कापडाचा आकडा लहान आहे, ही गोष्ट भारतीय वाचकाने विशेष ध्यानात ठेवावी; टेरिकॉट नावाने ज्या कापडाने ह्या देशातील शाळांचे गणवेश आणि कचेऱ्यांतील सदरे एका काळी व्यापून टाकले होते ते असेच मिश्र कापड होय.

भारतातील बहुतेक धुणे हाताने होते, तेव्हा यंत्राचे आकडे येथे लावू नयेत, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. चीनमधील हांगचौ येथील संशोधकांनी २०२३ साली ह्याचीच तुलना केली. एकाच जातीचे पॉलिएस्टर कापड हाताने धुतले तर सरासरी १,८५३ तंतू निघाले आणि यंत्रात धुतले तर २३,७२३. मात्र खरबरीत फळीवर घासले असता हाताच्या धुण्यातही ही संख्या वाढली. दगडावर आपटून, धोपाटण्याने बडवून जे धुणे होते त्याचा हिशेब ह्यात नाही. तरीही नदीकाठच्या धोब्यावर सारा दोष ढकलण्यास ह्यामुळे आधार मिळत नाही. घाटावर धुतले जाणारे कपडे सर्वांना दिसतात; शहरातील लक्षावधी मोऱ्यांतून आणि यंत्रांतून जे पाणी गटारास मिळते ते कोणासच दिसत नाही. आणि ते गटार जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात आकड्यांनी दिलेले आहे. २०२०-२१ च्या त्या हिशेबाप्रमाणे भारतातील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते. ते शुद्ध करण्याची यंत्रसामग्री उभी होती ३१,८४१ दशलक्ष लिटरांपुरती. त्यातली चालू होती २६,८६९ दशलक्ष लिटरांची. आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होते २०,२३५ दशलक्ष लिटर. म्हणजे शंभर लिटरांतील अठ्ठावीस लिटर. उरलेले बहात्तर लिटर कोणत्या ना कोणत्या नाल्याने, ओढ्याने, नदीने वाहून नेले. ह्यातील एक बारकावा नजरेतून सुटू नये. जेवढी यंत्रे उभारली तेवढीसुद्धा पूर्णपणे वापरली गेली नाहीत. कधी गटारे केंद्रापर्यंत पोचत नाहीत, कधी वीज नसते, कधी चालविण्याचा खर्च नगरपालिकेच्या कुवतीपलीकडचा ठरतो. उद्घाटनाची कोनशिला बसविण्यास जेवढा उत्साह असतो तेवढा पंपाचे तेलपाणी पाहण्यास राहत नाही.

गंगा शुद्ध करण्याची पहिली मोठी योजना १९८६ साली आखली गेली आणि दुसरी २०१४ साली. दोन्हींचा रोख मुख्यत्वे मैलापाण्यावर होता, आणि तो योग्यच होता. कानपूरचा सीसामऊ नाला शंभरहून अधिक वर्षे दररोज सुमारे १४० दशलक्ष लिटर घाण सरळ गंगेत ओतीत होता. तो २०१८ साली वळवून शुद्धीकरण केंद्राकडे नेण्यात आला. तंतूंची गोष्ट त्या वेळी कोणाच्या मनात फारशी नसेल. तरी त्या एका कामाने गंगेत जाणारे जितके तंतू अडविले असतील तितके घाटावरच्या शेकडो स्वच्छता फेऱ्यांनी अडविले नसतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

मैलापाणी हाच ह्या कणांचा राजमार्ग आहे, ह्याचा लख्ख पुरावा मात्र गंगेच्या काठी नव्हे, तर इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरात मिळाला. ह्या जागेलाही एक ऐतिहासिक औचित्य आहे. पॉलिएस्टरच्या धाग्याचा, म्हणजे टेरिलीनचा, शोध १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन ह्यांनी लावला, तो मँचेस्टरच्याच छापील कापडाच्या एका मोठ्या संस्थेत काम करीत असताना. सुताच्या गिरण्यांचे हे गाव. त्याच्या नद्या गिरण्यांनी दीडशे वर्षे काळ्या केल्या होत्या. २०१५ साली मँचेस्टर विद्यापीठाचे रेचल हर्ली, जेमी वुडवर्ड आणि जेम्स रॉथवेल ह्यांनी आसपासच्या नद्यांच्या तळाचा गाळ चाळीस ठिकाणी तपासला. टेम नावाच्या लहानशा नदीत, डेंटन येथे, तळाच्या एका चौरस मीटरमध्ये ५ लाख १७ हजार कण सापडले. तोपर्यंत जगात कोठेही इतके सापडले नव्हते.

त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे भयंकर पूर आले. पूर ओसरल्यावर संशोधकांनी तीच ठिकाणे पुन्हा तपासली. सुमारे ७० टक्के कण धुऊन गेले होते. हिशेबाने ४,३०० कोटी. पूर आला, नदी धुऊन निघाली, असे खेडोपाडी म्हणतात त्यात अर्धे सत्य आहे. नदी धुऊन निघाली, पण धुण्याचे पाणी समुद्राच्या पदरात पडले. गंगेच्या नमुन्यांतही पावसाळ्यापूर्वीच्या ६० पैकी ४३ नमुन्यांत आणि पावसाळ्यानंतरच्या ६० पैकी ३७ नमुन्यांत कण मिळाले होते. ही घट म्हणजे शुद्धी नव्हे. भर पावसाळ्यात काय वाहून गेले ते त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातले आहे.

ह्या पुरापासूनच मँचेस्टरच्या मंडळींना पुढचा धागा सापडला. इंग्लंडमधील जुन्या शहरांत पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून वाहते. अतिवृष्टी झाली की गटार तुडुंब भरते, आणि ते घरांत उलटू नये म्हणून जादा पाणी शुद्ध न करता नदीत सोडण्याची मुभा जलकंपन्यांना दिलेली असते. कल्पना अशी की त्या वेळी नदीसही पूर असतो, घाण विरळ होते व वाहून जाते. आता विचार करावा. पुराच्या वेगात हे हलके कण तळाशी बसणे शक्य नाही. पुराने तर तळ साफ केला. मग ते तळाशी लाखांनी बसले कसे? ते बसण्यासाठी नदी संथ असली पाहिजे, म्हणजे पाऊस नसला पाहिजे. आणि पाऊस नसताना एवढे कण येण्याचा मार्ग एकच उरतो. कोरड्या दिवसांत, मुभा नसताना, न शुद्ध केलेले मैलापाणी नदीत सोडले जात होते. शुद्धीकरण केंद्रांच्या मुखांच्या वर आणि खाली तळाचा गाळ तपासून त्यांनी २०२१ साली हा निष्कर्ष मांडला. नदीच्या तळाने दिलेली ही साक्ष होती. आणि ती कोणत्याही नोंदवहीपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरली, कारण गाळाला कोणाची भीड नसते.

ज्या देशात शंभर वर्षांहून अधिक काळ गटारांची व्यवस्था पुरी झालेली आहे तेथील ही कथा. तेव्हा प्लास्टिकचा दोष पूर्वेकडच्या अस्वच्छ लोकांच्या माथी मारण्याची जी रीत पडली आहे तिचाही पुनर्विचार व्हावयास हवा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन निबंधाने जगातील दहा नद्या, त्यांतील आठ आशियातल्या, नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के प्लास्टिक आणतात असे अनुमान केले होते. गंगा आणि सिंधू त्यांत होत्या. हे वाक्य जगभर झाले. शाळेतल्या मुलांनीही ते पाठ केले. २०२१ साली अधिक बारकाईने केलेल्या दुसऱ्या हिशेबात ८० टक्के प्लास्टिक आणणाऱ्या नद्यांची संख्या दहा नव्हे, तर हजाराहून अधिक भरली, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा भार मोठा असल्याचे आढळले. हे दुसरे वाक्य मात्र फारसे कोणास पाठ नाही.

मळाची इतर कुळेही आहेत. ती अगदीच वगळून चालणार नाहीत. डॅन्यूब नदीत व्हिएन्ना आणि ब्रातिस्लाव्हा ह्यांच्या दरम्यान २०१० ते २०१२ ह्या काळात जी पाहणी झाली, तीत दर हजार घनमीटर पाण्यात माशांची पिल्ले सरासरी २७५ आणि प्लास्टिकचे कण ३१७ निघाले. त्या कणांपैकी ७९ टक्के कारखान्यांतील कच्चा माल होता. पुढे असे दिसून आले की एका प्लास्टिक कारखान्यातून जे दाणे नदीत जात ते बेकायदा नव्हतेच. सांडपाण्यात तरंगणाऱ्या घन पदार्थांची जी सर्वसाधारण मर्यादा ऑस्ट्रियाच्या नियमांत होती, लिटरमागे ३० मिलिग्रॅम, तिच्यात ते सुखाने बसत होते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माती आणि लगदा होता, प्लास्टिक नव्हते.

आणि रस्त्यावरच्या धावांचा चुरा. मोटारीची धाव झिजते तेव्हा तिचा काळा चुरा सडकेवर पडतो आणि पहिल्या पावसाने नाल्यात उतरतो. गंगेच्या तपासणीत तो दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजू नये. काळा रंग अवरक्त किरण गिळून टाकतो, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने तो ओळखू येत नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांत पावसानंतर कोहो जातीचे सामन मासे का मरतात, हे कोडे कित्येक वर्षे सुटले नव्हते. २०२० साली ते सुटले, तेव्हा धावेच्या रबरात घातलेल्या एका संरक्षक रसायनापासून बनणारे विष त्याच्या मुळाशी असल्याचे कळले. ज्या देशात दरवर्षी सडका आणि वाहने वाढत आहेत त्याने हे उदाहरण दूरचे मानू नये.

आता ह्या निदानाशी आजचा उपचार ताडून पाहावा. भारत सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकावयाच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी घातली आणि पिशवीची किमान जाडी वर्षाअखेर १२० मायक्रॉन केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तुंबलेली गटारे आणि गुरांच्या पोटातील पिशव्या पाहणारा कोणीही त्यास विरोध करणार नाही. त्याच वर्षी प्लास्टिकच्या वेष्टनांची विल्हेवाट लावण्याचा भार उत्पादकांवर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे आली. परंतु ती वेष्टनापुरती आहेत. ज्यातून गंगेतील दहांपैकी नऊ कण आले ते वस्त्र त्यांत नाही. शाळांतून मुलांना काठावरचा कचरा वेचावयास नेतात, पिशवी वापरू नका असे फलक रंगवून घेतात. ह्याने काठ सुंदर होतो, नागरिकत्वाचे शिक्षणही मिळते, पण मुलांच्या मनावर नकळत असे ठसते की नदी बिघडली ती पिशवी टाकणाऱ्या गरीब फेरीवाल्यामुळे. ज्या गणवेशात ते मूल तेथे उभे आहे त्या गणवेशाबद्दल त्याला कोणी काही सांगत नाही. सांगावे ते त्याला लाजविण्यासाठी नव्हे. कपडे घालणे आणि ते धुणे हा अपराध नाही; स्वस्त स्वेटर घेणाऱ्या माउलीस शुद्ध लोकर घे असे सांगणे क्रूरपणाचे होईल. सांगावयाचे ते हे की मोरीतून गेलेले पाणी कोठे जाते, ते कोणी शुद्ध करावयाचे होते आणि ते झाले की नाही.

भार कोणी उचलावा ह्याबद्दल दोन जागा स्पष्ट दिसतात. एक कापड गिरणी. धागा किती पिळलेला आहे, वीण किती घट्ट आहे, कापडाच्या कडा कशा कापल्या आहेत, ह्यांवर तंतू सुटण्याचे प्रमाण ठरते. आणि नवे कापड पहिल्या काही धुण्यांतच अधिक झडते. ती पहिली धुणी गिरणीतच होऊन तेथले पाणी गाळले गेले, तर पुष्कळसा मळ उगमापाशीच अडेल. फ्रान्सने २०२० सालच्या कायद्यात धुण्याच्या नव्या यंत्रांना २०२५ पासून गाळणी असावी असे लिहून ठेवले; जेथे घरोघर यंत्रे आहेत तेथे तो उपाय चालेल, बादलीत धुणाऱ्या घराला त्याचा उपयोग नाही. दुसरी जागा अर्थातच शुद्धीकरण केंद्र. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवरील ग्लासगोच्या एका मोठ्या केंद्राची परीक्षा २०१६ साली प्रसिद्ध झाली. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ सोळा कण होते. बाहेर पडताना चार लिटरांमागे एक. शंभरांतील अठ्ठ्याण्णवांहून अधिक कण त्या केंद्राने अडविले, आणि तेही कणांसाठी म्हणून कोणतीही खास यंत्रणा नसताना. मळ व चरबी काढण्याच्या नेहमीच्या क्रियांतच ते खाली बसले. एवढे करूनही तेथून दिवसाला साडेसहा कोटी कण नदीत जातच होते, कारण पाणी अफाट होते.

अडविलेल्या कणांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र ग्लासगोला आहे तसा कानपूरलाही आहे. ते गाळात राहतात. गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकण्याची पद्धत अनेक देशांत आहे, भारतातही आहे; आणि शेतातील माती पावसाबरोबर पुन्हा ओढ्याकडे निघते. नदीच्या पाण्याची जी नेहमीची मापने घेतात, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, जीवरासायनिक ऑक्सिजनची मागणी, आम्लता आणि विष्ठेतील जंतू, त्यांपैकी एकातही हा तंतू सापडत नाही. पाणी ह्या सर्व कसोट्यांस उतरून स्नानास योग्य ठरेल आणि तरीही त्यात तो असेल. तो मोजावयाचा तर त्यासाठी जाळी, सूक्ष्मदर्शक आणि धीर धरून बसणारा एक मोजणारा लागतो. जाळी आणि सूक्ष्मदर्शक पुष्कळ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आजही आहेत. शेजारच्या नाल्याचे पाणी, केंद्रात शिरण्यापूर्वीचे आणि बाहेर पडल्यानंतरचे, दर महिन्याला एकाच दिवशी घेऊन त्यांतील तंतू मोजण्यास सुरुवात करावयाची तर ती तेथून करता येईल.